चार छाट्यांचा संसार

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

परमपूज्य वासुदेवानंद सरस्वती टेंबेस्वामी महाराजांच्या मालकीच्या वस्तूंची यादी करायची म्हटली तर ती वहीच्या तीन-चार ओळींत संपते. हातातला दंड, कमंडलू, लंगोट्या, अंगावर घ्यायला आणि अंथरायला मिळून चार छाट्या, उपनिषदांची पोथी आणि नित्यपूजेतली दत्तमूर्ती. छाटी म्हणजे संन्याशाचं भगवं सुती वस्त्र. एवढ्या सामानावर स्वामींनी तेवीस वर्षं काढली आणि हिमालयापासून तंजावरपर्यंत, द्वारकेपासून राजमहेंद्रीपर्यंत सगळा भारत पायाखाली घातला. पायात वहाण नाही, कनवटीला पैसा नाही.

आम्ही बँकेतली माणसं. माझं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या पैशांच्या नोंदी करण्यात गेलं. एखादा खातेदार वारला की वारस कागद घेऊन येतात. पासबुकं, ठेवीच्या पावत्या, लॉकरची किल्ली, मृत्यूचा दाखला. त्या कागदांवर सह्या घेताना माणसं कशी बोलतात, कशी गप्प बसतात, भाऊ भावाकडे कसा बघतो, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने फार वर्षं पाहिलं. म्हणून असेल, पण स्वामींच्या चरित्रात मला चमत्कारांपेक्षा ही सामानाची यादीच जास्त ओढते. दत्तजयंतीच्या अंकासाठी त्यांचं चरित्र लिहायला घेतलं ते याच अंगाने. चमत्कार ज्यांना वाचायचे त्यांना मोठी चरित्रं आहेत, ती जरूर वाचावीत.

महाराजांचा जन्म माणगावचा. माणगाव म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला मुंबईला जाताना महाडच्या पुढे लागतं ते माणगाव आठवतं. ते नव्हे. हे माणगाव खाली तळकोकणात, कुडाळजवळ, त्या वेळच्या सावंतवाडी संस्थानातलं. श्रावण वद्य पंचमी, शके १७७६, म्हणजे १३ ऑगस्ट १८५४. वडील गणेशभट, आई रमाबाई, आजोबा हरिभट. गणेशभटांचा ओढा गाणगापूरकडे. संसार घरी आणि ते दत्तसेवेत तिकडे, अशी कितीतरी वर्षं गेली. देवाच्या आज्ञेने ते घरी परतले आणि मग वासुदेवाचा जन्म झाला असं चरित्रकार सांगतात. धाकटे बंधू सीताराम, तेही पुढे सीताराम महाराज टेंबे म्हणून सत्पुरुष झाले. घर भिक्षुकीचं, परिस्थिती बेताची. कोकणातल्या भिक्षुकाचं घर म्हणजे भात, नाचणी, चार नारळ आणि श्राद्धपक्षाची दक्षिणा, याच्या पुढे फारसं काही नसायचं.

आठव्या वर्षी मुंज झाली आणि मुलाचं वेगळेपण दिसायला लागलं. संध्या चुकवायची नाही, गायत्रीचा जप सोडायचा नाही, सोवळ्याओवळ्यात तडजोड नाही. वेदविद्या झाली, ज्योतिष झालं, मंत्रशास्त्र झालं. साप-विंचवाच्या विषावर, अंगातल्या बाधेवर लोक त्यांच्याकडे येऊ लागले. विशीतला पोरगा, पण गावोगावचे लोक पत्रिका घेऊन दारात.

आता इथे एका व्यवहारी माणसाच्या मनात जो विचार येईल तोच माझ्याही मनात येतो. ज्योतिष आणि मंत्र हाताशी असलेला, बोललेलं खरं ठरणारा माणूस त्या काळीसुद्धा गडगंज होऊ शकला असता. आजचं तर सोडाच! पण वासुदेवशास्त्र्यांनी त्याची पेढी केली नाही. पैशासाठी विद्या वापरायची नाही हे त्यांनी संन्यास घेतल्यावर ठरवलं नाही, संसारात असतानाच ठरवलं होतं. आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात, सगळं आटोपलं की मग देवाचं बघू. स्वामींचं सगळं आटोपलेलं नव्हतं तेव्हाच त्यांची ही वृत्ती होती.

एकविसाव्या वर्षी लग्न झालं. पत्नी रांगणा गडाकडच्या गोडे घराण्यातल्या, सासरचं नाव अन्नपूर्णाबाई. संसार सुरू झाला खरा, पण मन नृसिंहवाडीकडे लागलेलं.

वाडी आपल्याला परकी नाही. महाबळेश्वरच्या डोंगरातून आपली सावित्री निघते आणि पोलादपूर, महाड करत बाणकोटाला समुद्रात जाते. त्याच डोंगरातून कृष्णा निघते आणि पूर्वेला उतरून वाई, कऱ्हाड, सांगली करत वाडीला पंचगंगेला भेटते. जुन्या महाबळेश्वराच्या पंचगंगा मंदिरात दोघींची धार शेजारी शेजारी पडते. एक उजवीकडे गेली, एक डावीकडे, एवढाच फरक. कुडपणच्या वरच्या सड्यावर उभं राहिलं की मला नेहमी वाटतं, या डोंगराची पाठ ओलांडली की वाडीची वाट लागते. आपल्याकडचे जुने लोक आंबेनळी घाट चढून तसे जातही असत.

तर त्या वाडीला, जिथे श्री नृसिंह सरस्वतींनी बारा वर्षं वास केला, तिथे वासुदेवशास्त्री माणगावाहून पायी गेले. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. तिथे गोविंदस्वामी नावाचे अधिकारी संन्यासी होते. त्यांचा अनुग्रह झाला, दत्तमंत्र मिळाला. असंच एकदा परतताना वाटेत कागलच्या एका मूर्तिकाराकडून त्यांना दत्ताची मूर्ती मिळाली. ती त्यांनी माणगावला आणली आणि १८८३ साली वैशाखात तिची स्थापना केली.

इथून पुढची सात वर्षं मी दोनदा-तीनदा वाचली आहेत, कारण या चरित्राचा सगळा भार मला तिथे दिसतो.

माणगाव बघता बघता क्षेत्र झालं. पूजाअर्चा, आरत्या, उत्सव सुरू झाले. लांबलांबून माणसं येऊ लागली. कुणाला मूल नाही, कुणाला दुखणं, कुणाचा कज्जा. अन्नदान होऊ लागलं. शास्त्रीबुवांचा शब्द म्हणजे दत्ताचा शब्द असं लोक मानू लागले, आणि ते स्वतः मात्र लहानसहान गोष्टसुद्धा देवाला विचारल्याशिवाय करत नसत. ज्या घरात दोन वेळची चिंता होती, त्या घराच्या अंगणात पंगती उठू लागल्या. स्वतःच्या हाताने उभं केलेलं देऊळ, जन्मगाव, आप्तस्वकीय, मान, शिष्य, सगळं एका जागी. माणसाला आणखी काय हवं असतं? मनाला शांती मिळावी म्हणून आपण जे जे मागतो, शांत जागा, देवाचं सान्निध्य, पोटापुरतं, चार माणसांत आदर, ते सगळंच्या सगळं त्यांना पस्तिशीच्या आत मिळालेलं होतं.

आणि १८८९ साली देवाची आज्ञा झाली म्हणून ते उठले आणि निघाले. पत्नीला बरोबर घेतलं. देऊळ कुणाच्या नावावर करायचं, उत्पन्नाचं काय, मागे कोण बघणार, यासाठी आठ दिवस थांबले नाहीत. माणगावला राहायला ते पुन्हा कधीच आले नाहीत.

पैसा सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. फार नाहीत, पण आहेत. गावच्या शाळेला आयुष्याची पुंजी देणारे एक निवृत्त शिपाई मला माहीत आहेत. पण स्वतः उभं केलेलं चांगलं काम सोडणं फार कठीण. ट्रस्टच्या पाटीवरून नाव काढायचं म्हटलं की भल्याभल्यांचा आवाज बदलतो. उत्सव समितीच्या बैठकीत नारळ कुणी फोडायचा यावरून वर्षानुवर्षं न बोलणारे सख्खे चुलतभाऊ आपल्या प्रत्येक तालुक्यात सापडतील. तिथे वस्तू काहीच नसते, एक नारळ असतो. पण माझं म्हणून जे धरलेलं असतं, ते त्या नारळाहून जड असतं. स्वामींनी माणगावला सोडलं ते हे.

श्रीमद्भागवतात यदुराजाला अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले, ती कथा आपण सगळे ऐकत आलो. त्यात कुरर नावाचा पक्षी आहे. चोचीत मांसाचा तुकडा आहे म्हणून दुसरे बलवान पक्षी त्याच्या मागे लागलेत, टोचे मारतायत. त्याने तुकडा टाकला, आणि सगळे तुकड्यामागे गेले. तो मोकळा झाला. आपल्या दरीवर घारी घिरट्या घालतात ते बघताना मला तो कुरर आठवतो. पण कुररने टाकला तो मांसाचा तुकडा. देऊळसुद्धा तसंच टाकता येतं, हे टेंबेस्वामींच्या चरित्रात वाचायला मिळालं.

वाट सोपी नव्हती. ज्यांना वाटतं की विरक्त माणसाला दुःखच नसतं, त्यांनी पुढची दोन वर्षं वाचावीत. अन्नपूर्णाबाई गरोदर होत्या. पुत्र झाला तो मृत. घर नाही, माहेर लांब, अंगावरचं बाळंतपण आणि हातात काहीच नाही. त्या बाईच्या मनाचं काय झालं असेल, यावर चरित्रकार फार थोडं लिहितात, आणि मला ते नेहमी खटकतं. नवऱ्याच्या वैराग्याची किंमत बरेचदा बायको देते. स्वामी मोठे होतेच, पण ती माउलीही लहान नव्हती. तक्रार न करता पायी चालत राहिली. दोघं तीर्थं करत करत गोदावरीकाठी गंगाखेडला आली, आणि तिथे १८९१ च्या वैशाखात त्या आजारी पडून गेल्या. सोळा वर्षांचा संसार संपला.

संन्यासाची ओढ त्यांना पूर्वीपासून होती. पण पत्नी हयात असेपर्यंत त्यांनी संन्यास घेतला नाही, हे ध्यानात घ्यायला हवं. तिचं सगळं उत्तरकार्य यथासांग केलं आणि चौदाव्या दिवशी तिथेच गोदावरीच्या काठी संन्यास घेतला. पुढे उज्जैनला नारायणानंद सरस्वती स्वामींकडून दंड घेतला आणि वासुदेवानंद सरस्वती हे नाव मिळालं. पहिला चातुर्मास उज्जैनलाच.

तो धरून सगळे चातुर्मास मोजले तर तेवीस भरतात. सगळे सांगत बसत नाही. कानपूरजवळचं ब्रह्मावर्त, हरिद्वार, द्वारका, नर्मदेवरचं चिखलदा, नामदेवांची नरसी, दक्षिणेत तंजावर, कृष्णेकाठचं मुक्त्याला, विदर्भात वैनगंगेवरची पवनी, तुंगभद्रेवरचं हावनूर, रायचूरकडचं कुरवपूर. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी नदी आहे. संन्याशाने चातुर्मासाखेरीज एका जागी फार राहू नये हा नियम. तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला. आगगाडी तेव्हा सगळीकडे झाली होती, भक्तांमध्ये बैलगाड्या-घोडागाड्या असणारे पुष्कळ होते. पण स्वामी कोणत्याही वाहनात बसले नाहीत. अनवाणी चालले. बदरीकेदारची वाटसुद्धा.

दिवसाचा क्रमही ठरलेला. पहाटे स्नान, पूजा, भाष्यपाठ, दुपारी मोजक्या घरी जाऊन मधुकरी. मिळालेली भिक्षा झोळीसकट नदीत बुडवून चव घालवून मग खायची, असं सांगतात. पैशाला हात लावायचा नाही. संस्थानिक आले, वकील आले, सावकार आले, पण त्यांनी स्वतःच्या नावाचा मठ कुठे उभा केला नाही. ज्या जागांवर आज मोठी संस्थानं आहेत, त्यांतल्या काही त्यांच्यामुळे लोकांना माहीत झाल्या. श्रीपाद श्रीवल्लभांचं जन्मस्थान पीठापूर आणि श्री नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान विदर्भातलं कारंजा, या दोन्हींकडे भक्तांचं लक्ष वळलं ते स्वामींमुळे. जागा दाखवायची आणि पुढे चालू लागायचं.

साईसच्चरितात एक गोष्ट येते. नांदेडचे वकील पुंडलीकराव मित्रांबरोबर राजमहेंद्रीला गेले असता गोदावरीकाठी स्वामींच्या दर्शनाला गेले. बोलण्यात शिर्डीच्या साईबाबांचं नाव निघालं. ते ऐकून स्वामींनी हात जोडले आणि पुंडलीकरावांच्या हाती एक नारळ दिला, शिर्डीला गेलात की माझ्या नमस्कारासह हा माझ्या बंधूंना द्या म्हणून. ज्यांच्यापाशी देण्यासारखं काहीच नव्हतं त्यांनी दिलेली ही भेट. महिन्याभराने मंडळी शिर्डीला निघाली. वाटेत भूक लागली, चिवडा काढला, तो फार तिखट, म्हणून कुणीतरी एक नारळ फोडून त्यात मिसळला. खाऊन झाल्यावर लक्षात आलं की तो स्वामींचाच नारळ. शिर्डीला पोचल्यावर बाबांनी आपणहून आपल्या भावाने पाठवलेली वस्तू मागितली. पुंडलीकराव ओशाळले, दुसरा नारळ आणतो म्हणाले. बाबांनी तो घेतला नाही, त्या नारळाची सर याला येणार नाही असं सांगितलं, आणि मग त्यांची समजूतही काढली. दोघं सत्पुरुष एकमेकांना भेटल्याचं कुठे येत नाही. एक कर्मठ दंडी संन्यासी, दुसरा मशिदीत राहणारा फकीर. मधे एक नारळ, तोही वाटेत खाल्लेला.

कर्मठ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. स्वामींचं सोवळं, आचारधर्म, वर्णाश्रमाचे नियम फार कडक होते. आजच्या काळात त्यांतल्या पुष्कळ गोष्टी आपल्याला पटणार नाहीत, पटूही नयेत. पण तो कडकपणा त्यांनी सर्वांत आधी स्वतःच्या देहावर चालवला. आणि तो देह धडधाकट नव्हता. संग्रहणीचं दुखणं त्यांना वर्षानुवर्षं होतं. पोटाचा असा विकार ज्यांना आहे त्यांना विचारा, चार मैल चालणं काय असतं. त्या शरीराने ते हजारो मैल चालले. मनःशांती म्हणजे सगळं सुखरूप असणं, अशी आपली समजूत असते. पोराची नोकरी लागली, रक्तदाब ताब्यात आला, जमिनीचा निकाल आपल्या बाजूने लागला, की मग शांती! स्वामींच्या आयुष्यात असं सुखरूप असणं कधी आलंच नाही.

उलट त्या चालण्यातच त्यांनी लिहिलं किती! संस्कृतातली द्विसाहस्री गुरुचरित्र, दत्तपुराण, मराठी ओवीतलं दत्तमाहात्म्य, त्रिशती, सप्तशती गुरुचरित्र. सप्तशतीच्या ओव्यांतली ठराविक जागची अक्षरं ओळीने घेतली तर गीतेचा पंधरावा अध्याय उमटतो. ज्यांच्या घरी पोथी आहे त्यांनी नातवंडांना बसवून एकदा ते दाखवावं, मुलांना मौज वाटते. १९०५ साली वाडीला केलेली करुणात्रिपदी तर आज दत्ताच्या देवळादेवळात म्हटली जाते. १९११ च्या कुरवपूरच्या चातुर्मासात घोरकष्टोद्धारण स्तोत्र झालं. आपण आरतीनंतर जो दिगंबर नामाचा गजर करतो, तोही त्यांनीच घरोघरी पोचवला. टेबल नाही, कपाट नाही, कागदसुद्धा कुणीतरी आणून द्यावा तेव्हा. हे सगळं लेखन पुढे गुळवणी महाराजांनी खटपट करून ग्रंथमालेच्या रूपाने छापलं.

गुळवणी महाराजांचं उदाहरण आपल्यासारख्या प्रापंचिकांना जवळचं वाटेल. वामनराव गुळवणी कोल्हापूरकडचे, चित्रकलेचे शिक्षक. आईला घेऊन ते हावनूरला स्वामींच्या दर्शनाला गेले होते. स्वामींचे इतके मोठे शिष्य, पण नोकरी सोडली नाही. पुण्याच्या शाळेत वर्षानुवर्षं मुलांना चित्रकला शिकवली, मिळालेल्या पगारात साधेपणाने राहिले. दुसऱ्या बाजूला रंगावधूत महाराज. गोध्र्याचे पांडुरंग वळामे. त्यांनी नर्मदेकाठी नारेश्वरच्या जंगलात आसन मांडलं आणि गुजरातभर दत्तभक्ती नेली. एक घरात राहिला, एक रानात. गुरू तोच. स्वामी संसारी माणसाला घर सोडून पळ म्हणत नसत. आपलं विहित कर्म नीट करा, सांगणं एवढंच. त्यांच्या शिक्षात्रय ग्रंथाचे भागच तीन आहेत: कुमारशिक्षा, युवशिक्षा आणि वृद्धशिक्षा. म्हातारपणीसुद्धा शिकायचं असतं हे त्यांना मान्य होतं. आपण मात्र साठी झाली की शिकवायलाच लागतो.

मला आपल्या भागातल्या घरांबद्दल थोडं लिहायचं आहे. कुडपणसारख्या डोंगरातल्या गावांत कर्ती माणसं मुंबईला. गणपती-शिमग्याला घरं उघडतात, एरवी म्हातारा-म्हातारी, नाहीतर कुलूप. पण घरं मोठी होत चालली आहेत. खाली लादी, वर स्लॅब, दोन टीव्ही, तीन कपाटं, आणि राहायला कोण? दोन माणसं. कपाटात पाहुण्यांसाठी ठेवलेली स्टीलची भांडी कोऱ्या स्टिकरसकट तशीच. मुलाने कष्ट करून बांधलं, त्याला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही, माझ्या घरीही तेच आहे. पण रात्री दोन वेळा उठून कडी बघणाऱ्या म्हाताऱ्यांना मी ओळखतो. पूर्वी कुडाच्या घराला कडीच नव्हती.

२२ जुलै २०२१ चा पाऊस कुणी विसरणार नाही. महाड तालुक्यात तळिये, आपल्या पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडी. डोंगर खाली आला. माणसं गेली, त्यांच्याबद्दल इथे दोन ओळींत लिहिणं बरं नाही. त्या दिवसांत ज्या ज्या वाड्यांना घर सोडून शाळेत, देवळात येऊन बसावं लागलं, त्यांनी निघताना काय उचललं ते आठवून बघा. लहान मूल, म्हातारीचा हात, बॅटरी, औषधाची पिशवी, कागदपत्रांची थैली. कुणी देव्हाऱ्यातला टाक पदराला बांधला. बाकी सगळं मागे. आणि त्या रात्री त्या शाळेत कुणीही कपाटाबद्दल बोलत नव्हतं. पंधरा दिवसांनी परत बोलू लागले, तो आपला स्वभाव आहे. पण ती यादी आणि स्वामींची यादी यांत फार अंतर नाही. आपल्याला ती डोंगर कोसळल्यावर सुचते. स्वामी रोज सकाळी तेवढंच घेऊन उठायचे.

कुणी म्हणेल, संन्याशाला काय, ना बायको ना पोर, त्याला सोडणं सोपं. म्हणून मी पुन्हा माणगावकडेच बोट दाखवतो. माणगाव सोडलं तेव्हा ते संसारी होते. बरोबर बायको होती. पोटात मूल यायचं होतं. ज्योतिष सांगून, मंत्र टाकून वाटेत पैसा करता आला असता. वाडीसारख्या ठिकाणी कायमचं बिऱ्हाड करता आलं असतं. त्यांनी जे जमवलं नाही ते संन्यासाच्या नियमाने नव्हे, मनानेच. आतून मोकळा असलेला माणूस देवळातही मोकळा असतो आणि धर्मशाळेच्या ओट्यावरही. बाहेरून सोडणाऱ्याला मात्र काय सोडलं त्याची यादी पाठ असते. मला असे एक-दोन त्यागी भेटले आहेत, पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी आपली सोडलेली नोकरी, सोडलेला बंगला आणि त्याची आजची किंमत सांगितली.

१९१३ मध्ये स्वामी नर्मदेकाठी गरुडेश्वरला आले. तेव्हा ती जागा म्हणजे रान. थोड्या दिवसांत तिथेही तेच झालं जे माणगावला झालं होतं. माणसं आली, झोपड्या उठल्या, अन्नदान सुरू झालं. तेविसावा चातुर्मास तिथे झाला. या वेळी मात्र ते पुढे निघाले नाहीत. दुखणं बळावलं होतं. भक्तांनी औषधाचा आग्रह केला, तो त्यांनी मानला नाही असं सांगतात. शके १८३६, आषाढ शुद्ध प्रतिपदा, १९१४ चा जून महिना. त्या रात्री त्यांनी आसनावर बसून देह ठेवला. वयाची साठ वर्षं पुरी व्हायला दीड-दोन महिने कमी होते. आमच्या नोकरीच्या हिशेबात ते अजून निवृत्तही झाले नसते.

मागे वारसाहक्काचा प्रश्न नव्हता. दाव्याला काही नव्हतंच. ग्रंथ लोकांकडे गेले, स्तोत्रं लोकांच्या तोंडी गेली. माणगावचं देऊळ पुढे इंदूरच्या होळकर घराण्याच्या हातून चांगलं बांधलं गेलं. कुणाला जायचं असेल तर कोकण रेल्वेने कुडाळला उतरावं, तिथून माणगाव जवळ आहे. देवळाबरोबर त्यांचं जन्मघर आणि गावची यक्षिणी देवी, दोन्हींचं दर्शन घ्यावं. एस.टी.ने जाणाऱ्यांना पोलादपूरहून गोवा महामार्गाने सरळ खाली जाता येतं.

गरुडेश्वर गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तर तीरावर आहे. सरदार सरोवर धरण तिथून जवळच, आणि केवडियाला जाणाऱ्या गाड्यांची आता तिकडे गर्दी असते. समाधीच्या आवारातून पायऱ्या उतरून नदीवर जाता येतं. परिक्रमेचे लोक तिथे मुक्कामाला थांबतात. संध्याकाळी आरती घेतात, मिळेल ते खातात, भिंतीशी कांबळं टाकून झोपतात, आणि पहाटे अंधारातच झोळी खांद्याला लावून पुढे चालू लागतात.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥